काटेसावरीचा काटा

आमच्या गावाबाहेर ओढ्याच्या काठाला काटेसावरीची चार-पाच झाडं होती. माघ-फाल्गुनात त्यांची पानं झडून जायची आणि उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी लालभडक फुलं लागायची. मैना, बुलबुल, कावळे सगळे त्या फुलांवर तुटून पडायचे. आम्ही पोरं खाली पडलेली फुलं वेचायचो आणि आजी काटे काढायची. मोठ्या झाडाच्या बुंध्यावरचे काटे झिजून बोथट होतात, म्हणून ती धाकट्या झाडाकडं जायची. विळ्याच्या टोकानं एकेक काटा उचकटायचा आणि ओच्यात टाकायचा. घरी आणून सावलीत वाळवायचे आणि चहाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवायचे. तो डबा देवळीत, सहाणेच्या शेजारी.

गाव भुदरगड तालुक्यात, वेदगंगेच्या खोऱ्यातलं. गारगोटी जवळ, कोल्हापूर एस.टी.नं दोन तासांवर. गावात डॉक्टर नव्हता. पण पोरापोरींच्या तोंडावर मुरमं यायची ती काय डॉक्टर बघून येत नाहीत! सोळा-सतरा वर्षांची पोर मान खाली घालून, पदर तोंडावर ओढून परड्याच्या दारानं आत आली, की आजीला न सांगता कळायचं. ती डबा काढायची.

औषध साधं होतं. सहाण स्वच्छ धुवायची, त्यावर कच्च्या दुधाचे चार थेंब टाकायचे आणि काटा उगाळायचा. तपकिरी गंध सुटलं की ते बोटानं फक्त मुरमावर लावायचं, सगळ्या तोंडाला नाही. वाळून ताणायला लागलं की कोमट पाण्यानं धुवायचं. साबण बंद, त्याजागी मसुरीच्या डाळीचं पीठ, तेही चोळायचं नाही. डोक्याला तेल चोपडून, तेच तेलकट केस कपाळावर घेऊन झोपायचं नाही. उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी धुवायचा. डाग राहिला तर पुढं जायफळ उगाळून लावायचं. आणि सगळ्यात शेवटी, बोट रोखून, एकच गोष्ट ती तीन-तीनदा सांगायची, "नख लावायचं न्हाई. पिकू दे, फुटू दे, आपणहून जाऊ दे. नख लावलंस तर जलमभर आरशात बघून रडशील."

तिच्या औषधापेक्षा ही ताकीदच मोठी होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

काटेसावरीचा हा उपाय आजीनं शोधलेला नव्हता, तिच्या सासूनंही नव्हता. कॉलेजात असताना एका गुरुजींच्या घरी मला शंकर दाजीशास्त्री पदे यांचं ‘आर्यभिषक्’ बघायला मिळालं. हे पदेशास्त्री म्हणजे १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात करणारे. एकेकाळी खेड्यापाड्यातल्या शिकलेल्या घरात पंचांग असायचं तसं त्यांचं हे पुस्तक असायचं. त्या पुस्तकामुळं गुरुजींशी बोलणं निघालं आणि त्यांनी मला सुश्रुतसंहितेतली गंमत सांगितली. सुश्रुतानं क्षुद्ररोगांच्या यादीत तरुणांच्या तोंडावरच्या पुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटलंय आणि त्या शाल्मलीच्या काट्यासारख्या दिसतात असं वर्णन केलंय. शाल्मली म्हणजे आमची काटेसावर! कफ, वात आणि रक्त बिघडून त्या होतात, असं त्याचं निदान. जुन्या वैद्यकग्रंथांत त्यावर लोध्र, धणे आणि वेखंडाचा लेप सांगितलाय, आणि काटेसावरीचा काटा दुधात वाटून लावायलाही सांगितलंय.

मी धावत घरी येऊन आजीला सांगितलं, की तुझं औषध दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतलं आहे. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आसंल. मग त्यात नख लावू नगा म्हणून लिवलंय का न्हाई?"

तिला त्या नखाचं एवढं का होतं, ते तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. आजीचा सगळा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. साधारण १९३० च्या सुमाराला, ती सात-आठ वर्षांची असताना, तिच्या माहेरच्या गल्लीत देवी आल्या. एका घरातली दोन पोरं गेली, ही वाचली. तिला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. दाराला निंबाचे डहाळे बांधले होते. घरात फोडणी द्यायची नाही, पाहुण्याला आत घ्यायचं नाही. तिच्या आईनं मरगूबाईला नैवेद्य बोलला होता. रोगाला ‘देवी आल्या’ म्हणायचं, ‘रोग झाला’ म्हणायचं नाही. त्या रागावू नयेत म्हणून. कोल्हापुरात आजही आषाढात पंचगंगेचं नवं पाणी वाजत-गाजत, ‘पी ढबाक’च्या तालावर टेंबलाईला नेऊन घालतात. रोगराईच्या दिवसांची भीती त्या पाण्यात अजून थोडी तरी असणार, असं मला वाटतं.

अंग खाजायला लागल्यावर आईनं तिच्या हाताला फडकी बांधली होती. तिनं ती रात्री दातानं सोडली आणि तोंड ओरबाडलं. "म्हणून ह्ये झालं," असं आजी आयुष्यभर मानत आली. खरं म्हणजे तिचा दोष नव्हता. देवीचा रोग चेहऱ्याच्या कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी नष्ट करायचा आणि बरं होताना तिथं खड्डा पडायचा. चेहऱ्यावर या ग्रंथी जास्त, म्हणून वणही तिथं जास्त. गंमत अशी, की मुरमं येतात तीही याच ग्रंथींतून. वयात येताना त्या जास्त तेल सोडतात, छिद्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात आणि पुळी सुजते. दाबलं की ती आतल्या आत फुटते, आजूबाजूची कातडी जळते आणि खड्डा राहतो. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण देवीवरून शिकलेली गोष्ट तिनं मुरमाला लावली होती आणि ती बरोबर होती.

देवीवरचा उपाय तिच्या जन्माआधी शंभरावर वर्षं मुंबईत येऊन पोचला होता. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली. पण ती आजीच्या गल्लीपर्यंत वेळेवर पोचली नाही. वण असलेली पोर म्हणून तिला कुणी पहिलटकर नवरा मिळाला नाही. चौदाव्या वर्षी तिला बिजवराला दिली. ते आमचे आजोबा. माणूस चांगला होता, ती सुखात राहिली. पण तो निकाल तिच्या चेहऱ्यावरून लागला, हे ती कधी विसरली नाही. पुढं तिनं हळद लावली, साय लावली, चंदन लावलं. एकही खड्डा भरला नाही. "कातडं गेलं ते गेलं. माती टाकून भरायला ती काय वाट हाय?" असं ती हसत म्हणायची. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी सापडला आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस, असं भिंतींवर रंगवलेलं मी लहानपणी वाचलंय. आजीला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "मला आदी भेटली असती तर म्या फुकटात कळवली असती."

आता मला माझी गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला अजूनही जड जातं.

१९८६ साली मी कोल्हापुरात कॉलेजला होतो. धाकटी बहीण अठरा वर्षांची. तिच्या गालावर आणि कपाळावर मुरमं होती. आजीचा सहाण-काटा चालू होता. मुरमं कमी होत होती, पण सावकाश, महिन्या-महिन्यानं. तेवढ्यात एक स्थळ आलं. पाहुणे पंधरा दिवसांनी बघायला येणार. बहिणीनं मला गाठून सांगितलं, "दादा, शहरात काहीतरी मिळत असंल की. आजीच्या काट्यानं पंधरा दिवसांत काय होणार?"

मी एका औषधाच्या दुकानात गेलो. चिठ्ठी नाही, काही नाही. दुकानदारानं एक ट्यूब पुढं केली. "हे लावा, आठ दिवसांत चेहरा आरशासारखा." शहरातल्या ट्यूबपुढं सहाणेवरचा काटा मला अडाणी वाटला. ट्यूब बहिणीला दिली आणि आजीला सांगू नकोस म्हणालो.

आठ दिवसांत खरंच चेहरा खुलला. सूज गेली, रंग उजळला. पाहुणे आले, पसंत करून गेले. बहीण ट्यूब लावतच राहिली. संपली की मी दुसरी आणायचो. अशा पाच-सहा झाल्या. मग चैत्रात उन्हात गेलं की तिचं तोंड पेटायला लागलं. गालावर लाल शिरांचं जाळं दिसायला लागलं. ट्यूब दोन दिवस थांबवली की आधीपेक्षा दुप्पट पुळ्या उठायच्या, म्हणून ती पुन्हा लावायची. लग्नाची बोलणी व्हायच्या आत पाहुण्यांचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळलेली होती.

मी तिला कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात घेऊन गेलो. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, पण आमच्याकडं सगळे थोरला दवाखानाच म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि मला विचारलं, "ही कुणी लिहून दिली?" मी गप्प. त्यांनी न रागावता समजावलं. या मलमात स्टेरॉईड आहे. ते सूज दाबतं, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पण रोज लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसतात, त्याच्यामुळंच मुरमं उठतात आणि सोडलं की सगळं उसळून येतं. त्यांनी ट्यूब बंद करायला सांगितली, गोळ्या दिल्या आणि सहा-आठ महिने धीर धरा म्हणाले. मी भीत भीत काटेसावरीचं विचारलं. म्हणाले, "आता काहीच लावू नका, काटाही नको, हळदही नको. कातडी नाजूक झालीय. साधं पाणी, ऊन टाळायचं आणि हात लावायचा नाही."

घरी आल्यावर आजीनं विचारलं, ट्यूब कुणी आणली? बहीण पटकन म्हणाली, "मीच मागवली." आजीनं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. ते आठ महिने तिनं सहाण देवळीतून खाली काढली नाही. रोज पहाटे ती फक्त नातीचा हात धरून बसायची, झोपेत नख लागू नये म्हणून. आपल्या हाताची फडकी सोडली होती, त्या रात्रीची ती भरपाई करत होती, असं मला आज वाटतं.

चेहरा निवळला. लाल शिरा थोड्या राहिल्या, डाव्या गालावर चार खड्डे राहिले. पाच वर्षांनी तिचं लग्न एका प्राथमिक शिक्षकाशी झालं. तो बघायला आला तेव्हा बहिणीनं पावडर लावली नव्हती.

१९९७ मध्ये पेपरात हळदीची बातमी आली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट १९९५ मध्ये मिळालं होतं. सीएसआयआरनं डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली ते लढवलं आणि रद्द करून घेतलं. आजीला सांगितलं तर म्हणाली, "हळद काय आमेरिकेत पिकती व्हय? सांगलीला जाऊन बगा म्हणावं." पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. ‘आमची आजी लावते’ एवढ्यावर ते पेटंट रद्द झालं नाही. जुने संस्कृत ग्रंथ, छापलेले लेख, वैद्यकीय नियतकालिकातला निबंध, असे बत्तीस संदर्भ पुढं ठेवावे लागले. आपल्या औषधाला मान मिळवून द्यायचा तर ते तपासूनच घ्यावं लागतं.

दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉईडची मलमं विकण्यावर सरकारनं २०१८ मध्ये नियम कडक केले. आमच्यासाठी ते बत्तीस वर्षं उशिरा. आणि अजूनही गोरं करणारं म्हणून अशी मिश्रणं खपतात.

मग आजीच्या उपायात राखून ठेवण्यासारखं काय? मला वाटतं, बरंच काही. थोडी मुरमं असतील तर चेहरा हळुवार धुणं, अभ्रा स्वच्छ, तेल कपाळावर न येऊ देणं, हात न लावणं, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. कडुनिंब आणि हळद जंतू आणि सूज थोडी कमी करतात; पण आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघावं, आग झाली तर सोडावं. लिंबू आणि टूथपेस्ट तोंडाला लावूच नये. आमच्याकडं सगळा दोष तांबड्या रश्श्यावर टाकतात. अभ्यासांत मात्र साखर-मैद्याच्या खाण्याशी मुरमांचा जास्त संबंध दिसलाय. काळे डाग महिन्यांनी फिकट होतात, पण खड्डे कुठल्याही लेपानं भरत नाहीत. त्यासाठी आज त्वचातज्ज्ञांकडं उपचार आहेत, तेही पूर्ण भरतील असं वचन देत नाहीत. गाठी, पू, दुखरी सूज असेल तर वाट बघत बसू नये. खड्डे पडतात ते त्याच उशिरात.

आजी १९९८ साली गेली. सहाण बहिणीनं मागून घेतली. गेल्या वर्षी तिच्या मुलीच्या तोंडावर मुरमं आली, तेव्हा ती पोरीला आधी त्वचेच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. येताना माझ्याकडं उतरली. चहा झाल्यावर भाची मोबाईलच्या आरशात बघत हनुवटीवर नख नेत होती. बहिणीनं तिच्या हातावर चापट मारली आणि म्हणाली, "नख लावायचं न्हाई."

तेव्हा मी बहिणीला इतक्या वर्षांनी विचारलं, "त्या दिवशी आजीला माझं नाव का सांगितलं नाहीस?"

"सांगायची काय गरज होती, दादा?" ती म्हणाली. "तिला ठाऊकच हुतं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, त्यानं मायेनं आणलं, त्याला बोलू नगंस."