कपबशी कुठे हलते?

माझा भाचा अत्तराच्या बाटल्यांचे फोटो काढतो, जाहिरातींसाठी. परवा म्हणाला, "मामू, मोठ्या तोंडाची महागडी लेन्स घ्यायचीय. कर्जाला जामीन राहाल का?" मी कवी माणूस, लेन्समधलं मला काय कळणार! पण टॅल्बट आठवला.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्लंडातल्या लॅकॉक अॅबीचा. १८४४ ते १८४६ या काळात त्याचं 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक लंडनमध्ये हप्त्याहप्त्यानं निघालं. त्यात २४ छायाचित्रं होती. एकात फळ्यांवर मांडलेली चिनी मातीची भांडी, दुसऱ्यात काचेची. ही भांडी चोरीला गेली आणि चित्राचा हा मुका साक्षीदार कोर्टात उभा केला, तर न्यायाधीश काय म्हणतील? हा प्रश्न त्यानं कायदेपंडितांवर सोडून दिला!

त्याआधी, १८४० मध्ये, व्हिएन्नात योसेफ पेट्झवालनं भरपूर उजेड घेणारी लेन्स तयार केली होती. माणसांच्या तसबिरींना ती वरदानच ठरली. मधला चेहरा लखलखीत, कडा मात्र पुसट. भांड्यांसाठी टॅल्बटचा सल्ला उलटा: भिंगापुढे बारीक भोकाचा पडदा लावा, चित्र रेखीव येईल, वेळ तेवढा जास्त लागेल. कपबशी कुठे हलते? पांढरी चिनी माती आणि काच मात्र एकत्र ठेवू नका, असंही तो बजावतो. काचेचं चित्र उमटू लागण्याआधीच चिनी मातीचं पुरं होतं.

भाच्याला म्हटलं, "बेटा, आधी चांगला ट्रायपॉड घे. आहे त्याच लेन्सचं अॅपर्चर बारीक करून बघ."

तो हसला. जामिनकीचा कागद मात्र माझ्या टेबलावरच ठेवून गेला.