त्वचेची सफाई करणारी विकरे : सौम्यता येते कुठून?

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एकीकडे फौंड्री व यंत्रभागांचे कारखाने आहेत, तर दुसरीकडे सूत आणि कापडाचे. फौंड्रीतून निघालेल्या कास्टिंगवरची वाळू आणि पापुद्रे काढायचे, तर पोलादी गोळ्यांचा मारा करावा लागतो. त्याला शॉट ब्लास्टिंग म्हणतात. सुती कापडावर वर आलेले बारीक तंतू काढण्याची रीत मात्र निराळी आहे. कापड उद्योगात त्यासाठी सेल्युलेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, वापरतात. कोमट पाण्यात ते सुटे तंतू कुरतडते आणि ठरलेला वेळ संपताच तापमान किंवा सामू वाढवून त्याचे काम थांबविले जाते. या प्रक्रियेला बायोपॉलिशिंग असे नाव आहे. विकराला वेळेवर थांबविले नाही, तर कापडाची मजबुती घटते.

चेहऱ्यावरील मृत पेशी दूर करण्याचेही असेच दोन मार्ग आहेत. दाणेदार स्क्रबने घासणे हा एक आणि पेशींना धरून ठेवणारे दुवे रासायनिक रीतीने सैल करणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गात फळांतील आम्लांबरोबर आता प्रथिने पचविणाऱ्या विकरांचाही समावेश झाला आहे. पपईतील पपेन आणि अननसातील ब्रोमेलेन ही त्यांतील ठळक नावे. ‘नैसर्गिक’ आणि ‘सौम्य’ ही दोन विशेषणे त्यांच्या वेष्टनावर हमखास जोडीने येतात. प्रत्यक्षात सौम्यपणा फळात नसतो. तो मात्रा, सामू आणि वेळ यांवर अवलंबून असतो.

त्वचेची स्वतःची व्यवस्था

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, म्हणजे शृंगस्तर, मृत व चपट्या पेशींचा बनलेला असतो. या पेशींचे साधारणतः पंधरा ते वीस थर एकावर एक रचलेले असतात. विटांच्या भिंतीची उपमा त्याला नेहमी दिली जाते. पेशी या विटा, त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना आणि शेजारच्या पेशींना जखडून ठेवणारे प्रथिनांचे टाचे, अशी ही रचना आहे. खालून नव्या पेशी वर सरकत राहतात आणि वरच्या पेशी नकळत गळून पडतात. तरुणपणी या संपूर्ण फेऱ्याला सुमारे चार आठवडे लागतात. वयानुसार तो लांबतो.

हे गळणे आपोआप होत नाही. त्वचा स्वतःच प्रथिने तोडणारी विकरे तयार करते आणि ती विकरे योग्य वेळी ते टाचे उसवतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू पाचच्या आसपास असतो. हा सामू आणि थरातील ओलावा यांवर त्या विकरांचा वेग ठरतो. त्वचा कोरडी पडली की हे काम मंदावते, मृत पेशी साचतात आणि चेहरा निस्तेज व खरखरीत दिसू लागतो. बाहेरून लावलेले विकर शरीरात आधीपासून चालू असलेल्या याच कामाला हातभार लावते.

चिकापासून चूर्णापर्यंत

महाराष्ट्रात पपईचे पीक मुख्यतः नंदुरबार, धुळे आणि जळगाव या खानदेशी जिल्ह्यांत एकवटले आहे. तेथील बहुतेक माल खाण्याच्या फळासाठी जातो. पपेनसाठी मात्र पिकलेले फळ निरुपयोगी ठरते. हे विकर कच्च्या पपईच्या चिकात असते. झाडावरील हिरव्या फळाला सकाळच्या वेळी उभ्या, उथळ चिरा देतात, ओघळणारा चीक गोळा करतात, तो गाळून वाळवतात आणि त्याचे चूर्ण करतात. लोखंडाच्या संपर्काने चीक काळवंडतो, म्हणून तो टाळला जातो. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने को-२ आणि को-५ यांसारखे वाण चिकाच्या उत्पादनासाठी उपयुक्त म्हणून पुढे आणले.

फळ पिकत जाते तसा चीक आटतो. त्यामुळे पिकलेल्या पपईचा गर चेहऱ्यावर लावल्यावर जो मऊपणा जाणवतो, त्यात पपेनचा वाटा थोडा आणि पाणी व शर्करेचा मोठा असतो. उलट कच्च्या पपईची साल किंवा चीक थेट लावणे म्हणजे किती मात्रा लागली हे न कळता तीव्र विकर त्वचेवर सोडणे होय. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा कीस लावणाऱ्या घरांना त्याची ताकद वेगळी सांगायला नको.

‘पपेन’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ आणि त्यांचे सहकारी बुशू यांनी १८७९ मध्ये रूढ केले. हे विकर २१२ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असून तिच्यातील पंचविसाव्या स्थानावरील सिस्टीन हा तिचा ‘दात’ आहे. प्रथिने तोडणाऱ्या विकरांच्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे यांनी १९९८ मध्ये सूक्ष्मजीवजन्य प्रोटिएजांवर लिहिलेला आढावा आजही जगभर संदर्भासाठी वापरला जातो. सौंदर्यप्रसाधनांतही पपई-अननसाबरोबर जिवाणूंपासून मिळविलेली अशी विकरे वापरली जातात.

आम्ले आणि विकरे

ग्लायकोलिक आम्लासारखा छोटा रेणू थरांमधून खाली उतरू शकतो. विकराचा रेणू त्याच्या तुलनेत प्रचंड असतो. निरोगी, अखंड त्वचेवर तो बहुतांशी पृष्ठभागावरच राहतो. शिवाय आम्लाला काम करण्यासाठी कमी सामू लागतो, तर पपेन जवळपास उदासीन सामूवर चांगले चालते. त्यामुळे चुरचुर कमी होते. दाणेदार स्क्रबप्रमाणे घासण्याचा ताणही पडत नाही. विकरांना सौम्य म्हणतात ते या कारणांनी.

याची दुसरी बाजू अशी, की विकर नाजूक असते. पाण्यात विरघळलेली प्रोटिएज विकरे एकमेकांनाच पचवू लागतात. उष्णता, हवेतील प्राणवायू आणि तीव्र आम्ले यांनी त्यांची रचना बिघडते. म्हणूनच अनेक उत्पादने कोरड्या पुडीच्या रूपात येतात आणि ती वापरताना ओली करावी लागतात. महिनोन्‌महिने उन्हाळी कपाटात पडून राहिलेल्या पाणीदार लेपातील पपेन कितपत जिवंत असेल, हा रास्त प्रश्न आहे. परिणामकारकतेबाबतही आम्लांवर जेवढे अभ्यास झाले, तेवढे विकरांवर झालेले नाहीत.

सौम्यतेची सीमा

हेच रेणू मोठ्या मात्रेत किती प्रभावी असतात, ते भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांत दिसते. अननसाच्या खोडातील ब्रोमेलेनयुक्त विकरांपासून बनविलेले औषध जळालेली मृत त्वचा चार तासांत सुटी करते. युरोपात त्याला २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. याउलट जखमांवर लावण्याच्या पपेनयुक्त मलमांबाबत गंभीर ॲलर्जीच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २००८ मध्ये त्या विनामान्यता उत्पादनांवर कारवाई केली. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्यांना पपईचीही बाधा होऊ शकते, हा इशाराही तेव्हा दिला गेला.

प्रथिन त्वचेवाटे शरीराच्या ओळखीचे झाले की पुढे ते अन्नातूनही बाधू शकते. जपानमध्ये एका लोकप्रिय चेहऱ्याच्या साबणात गव्हाचे विघटित प्रथिन होते. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडल्याचे प्रकरण २०११ मध्ये गाजले. पपेनबाबत व्हिएन्नातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ते त्वचापेशींमधील घट्ट सांधे तोडते आणि उंदरांमध्ये त्वचेवाटे ॲलर्जी जागवते, असे आढळले. प्रयोगशाळेतील निष्कर्ष फेसवॉशला जसेच्या तसे लागू होत नाहीत; पण इसब असलेल्या, सोललेल्या किंवा चिरलेल्या त्वचेवर विकरे लावू नयेत, हे सांगण्यास ते पुरेसे आहेत.

ही काळजी कारखान्यातही लागते. ब्रिटनमध्ये धुण्याच्या पावडरीतील विकरांच्या धुळीने कामगारांना दमा होत असल्याचे १९६९ मध्ये उघड झाले. त्यानंतर विकरांचे कण आवरणात बंद करण्याची पद्धत आली. सुटी पपेन पावडर आणून घरगुती पातळीवर लेप भरणाऱ्या लहान उद्योजकांनी म्हणूनच मुखपट्टी आणि बंदिस्त हाताळणी टाळू नये.

खरेदी आणि वापर

भारतात सौंदर्यप्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. उत्पादनासाठी परवाना लागतो; महाराष्ट्रात तो देण्याचे काम अन्न व औषध प्रशासन करते. वेष्टनावर परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत आहे का, हे आधी पाहावे. घटकांच्या यादीत ‘पपेन’ असणे आणि ‘पपई अर्क’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्कात विकर असेलच असे नाही.

नवे उत्पादन प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. आठवड्यातून एकदाच सुरुवात करावी, सांगितलेल्या वेळेतच धुवावे आणि त्याच रात्री आम्ल किंवा रेटिनॉल वापरू नये. गव्हाळ व सावळ्या त्वचेत दाह झाला की मागे काळे डाग राहतात आणि ते जायला अनेक महिने लागू शकतात. म्हणून दिवसा सनस्क्रीन आवश्यक ठरते. रबर, पपई, अननस, किवी किंवा अंजीर यांची ॲलर्जी असलेल्यांनी ही उत्पादने टाळावीत. लावल्यावर खाज, गांधी किंवा सूज आली तर लगेच भरपूर पाण्याने धुवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. श्वास लागल्यास थेट रुग्णालय गाठावे.