वैमानिकाचे आरोग्य आणि घरचा उंबरठा

१/ पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षी मरण पावलेल्या दर १०० ब्रिटिश वैमानिकांपैकी २ शत्रूमुळे, ८ विमानातील दोषामुळे आणि ९० स्वतःच्या उणिवांमुळे गेले, असा हिशेब तेव्हा मांडला गेला.

२/ १९१८ मध्ये अमेरिकेने प्रशिक्षणतळांवर ‘फ्लाइट सर्जन’ नेमले. हे डॉक्टर वैमानिकांतच वावरत; त्यांची झोप, मद्यपान, घरची चिंता जाणून घेत.

३/ सर्दीने कानाची नळी बंद असताना विमान खाली उतरले, की पडद्यावर ताण येतो. उड्डाण हुकेल या भीतीने प्रशिक्षणार्थी सर्दी डॉक्टरांपासून लपवी. घरच्यांपासून ती लपत नसे.

४/ १९४०च्या दशकाअखेर सर्दीच्या नव्या गोळ्या घरोघरी आल्या. मायेने दिलेल्या त्या गोळीने गुंगी येई. म्हणूनच वैमानिकाचे आरोग्यशिक्षण कुटुंबाला वगळून पुरे होत नाही.