वेदीचे दर्शन आणि चर्चमधील मूर्तिरचना

कॅथलिक धर्मग्रामाच्या चर्चमध्ये वेदी, क्रूस, संतांच्या मूर्ती व चित्रे यांची मांडणी केवळ शोभेसाठी होत नाही. कोणती वस्तू मध्यभागी आहे, कोणती बाजूस आणि कोणती उंचावर, यावरून त्या काळी उपासनेतील कोणत्या अंगास अग्रस्थान होते हे कळून येते. सोळाव्या व विसाव्या शतकांत या मांडणीत दोन मोठे फेरबदल झाले. ते परस्परविरोधी भासतात. वस्तुतः वेदी भाविकांच्या दृष्टीस पडावी, हा हेतू दोहोंच्या मुळाशी होता.

मध्ययुगीन युरोपातील अनेक चर्चांत धर्मगुरूंची जागा व भाविकांची जागा यांमध्ये लाकडी अथवा दगडी आडभिंत असे. तिच्यामुळे मुख्य वेदी भाविकांस अंशतःच दिसे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५-६३) या आडभिंती पाडण्याची आज्ञा दिली नव्हती. तथापि त्या काळात इटलीत त्या झपाट्याने नाहीशा होऊ लागल्या. फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेला व सांता क्रोचे या मठांच्या चर्चांतील आडभिंती १५६५ च्या सुमारास चित्रकार व वास्तुकार जॉर्जिओ वाझारी याने काढविल्या.

मूर्तींविषयी मात्र परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये स्पष्ट निर्णय दिला. मूर्तींना दिला जाणारा मान मूर्तीत दर्शविलेल्या व्यक्तीस पोहोचतो, असे सांगून तिने मूर्तिपूजेचा आक्षेप फेटाळला आणि बिशपच्या संमतीवाचून अपरिचित प्रकारची प्रतिमा चर्चमध्ये ठेवण्यास मनाई केली. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी १५७७ मध्ये चर्चची बांधणी व साहित्य यांविषयी तपशीलवार सूचना प्रसिद्ध केल्या. मुख्य वेदी पायऱ्यांवर उंच असावी, पवित्र भाकर जतन करण्याची पेटी तिच्यावर असावी, आणि पवित्र प्रतिमा जमिनीवर किंवा ओलसर जागी काढू नयेत, असे त्यांत सांगितले आहे.

या मोकळ्या झालेल्या दृष्टिपथाच्या शेवटी वेदीमागील कोरीव पृष्ठफलक उत्तरोत्तर भव्य होत गेला. जुन्या गोव्यातील बॉम जेझू हे चर्च (बांधकामारंभ १५९४, अभिषेक १६०५) धर्मग्रामाचे नसून जेझुइटांचे. पण ही प्रवृत्ती तेथे ठळकपणे दिसते. सोनेरी मुलाम्याच्या पृष्ठफलकावर संत इग्नेशियस यांची मोठी मूर्ती मध्यभागी आहे. ज्याच्या नावाने चर्च ओळखले जाते त्या बाळ येशूची मूर्ती खाली, आकाराने लहान आहे. अशा रचनेत वेदीचा मेज त्या फलकाच्या पायथ्याचा एक भाग होऊन राहतो. पाहण्यास अडथळा उरला नाही. परंतु दृष्टी वेदीवर न थांबता तिच्या वर जाऊ लागली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान संमत केले. प्रतिमा राखाव्यात, पण त्यांची संख्या मर्यादित व क्रम योग्य असावा. डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य शोधावे, असे त्यात म्हटले आहे. २६ सप्टेंबर १९६४ च्या निर्देशांनुसार मुख्य वेदी भिंतीपासून अलग असणे इष्ट ठरले, जेणेकरून तिच्याभोवती फिरता यावे व लोकाभिमुख होऊन मिस्साविधी करता यावा.

या निर्देशांच्या अंमलात पुष्कळ जुन्या वस्तूंची हानी झाली. वस्तुतः मौल्यवान कलाकृती विकल्या जाऊ नयेत, असे खुद्द १९६३ च्या संविधानातच बजावले होते. तरीही सुधारणेच्या निमित्ताने अमोल कृतींचा नाश झाल्याची तक्रार व्हॅटिकनला १९७१ च्या परिपत्रकात करावी लागली. पुढे मिस्साविधीच्या सर्वसाधारण नियमावलीने मध्यम मार्ग काढला : जुनी वेदी हलविल्यास तिच्या कलामूल्यास बाध येत असेल, तर ती तशीच ठेवून पुढे नवी वेदी उभारावी, मात्र भाविकांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून जुनीला विशेष सजवू नये.

या तडजोडीने कलाकृती वाचते, परंतु पेच पूर्णपणे सुटत नाही. जिची घडणच दृष्टी वेधून घेण्यासाठी झाली, ती रचना फुले व मेणबत्त्या काढून घेतल्याने नजरेआड होत नाही. दोन वेदींच्या चर्चमध्ये म्हणूनच दोन काळांच्या उपासनेची केंद्रे एकाच अक्षावर उभी असलेली आढळतात.