रॅम्पार्ट गुहेचे दप्तर

भारतातून पाहुणे आले की त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायला नेणे हा आपल्याकडचा जणू कुळाचारच! तिथे आपण कोट्यवधी वर्षांच्या खडकांविषयी ऐकतो. मला कुतूहल आहे ते त्यामानाने कालपरवाच्या, हिमयुगाच्या अखेरच्या काळाचे. तेव्हा या दरीत कोणती झाडे होती आणि ती आज कशी कळतात?

दरीच्या पश्चिम टोकाला, कोलोरॅडो नदीच्या वर रॅम्पार्ट नावाची गुहा आहे. १९३६ साली तिथे 'शास्ता ग्राउंड स्लॉथ' या नामशेष प्राण्याच्या विष्ठेचा जाड थर सापडला. कोरड्या हवेमुळे तो हजारो वर्षे कुजला नव्हता. पानांच्या त्वचेची नक्षी प्रत्येक वनस्पतीत निराळी असते. विष्ठेतले असे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून रिचर्ड हॅन्सन यांनी १९७८ मध्ये या प्राण्याचा आहार मांडला. निम्मा वाटा ग्लोबमॅलोचा, म्हणजे आपल्या भेंडीच्या कुळातल्या झुडपाचा. त्याखालोखाल मॉर्मन टी.

पण यातून कळते ते प्राण्याने निवडून काय खाल्ले एवढेच. आम्हा इंजिनिअरांच्या दृष्टीने हा नमुना एकांगी. म्हणून आणखी साक्षीदार हवेत. पॅकरॅट हा उंदीर बिळाजवळच्या काड्या, पाने जमवतो आणि त्याचे वाळलेले मूत्र त्यांना डिंकासारखे धरून ठेवते. अशा ढिगांचे मोल फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेनसन यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. वाऱ्यावर दुरून आलेले परागकण आसपासच्या साऱ्या मुलखाची कल्पना देतात. दरीतल्या ढिगांत ज्युनिपर सापडतो तो आजच्यापेक्षा काहीशे मीटर खाली. म्हणजे हवा तेव्हा अधिक थंड आणि ओलसर होती.

ग्लोबमॅलो आणि मॉर्मन टी मात्र आजही तिथे उगवतात. मग अन्न असताना हा प्राणी सुमारे १३,००० वर्षांपूर्वी का संपला? पॉल मार्टिन यांनी नव्याने आलेल्या मानवी शिकाऱ्यांकडे बोट दाखवले. इतर काहींनी बदलत्या हवामानाला दोष दिला. वाद मिटलेला नाही.

त्याचा निकाल ज्या पुराव्यावर लागायचा, त्याला १९७६ च्या जुलैमध्ये आग लागली. थर कित्येक महिने धुमसत राहिला आणि बराचसा जळून गेला. जुन्या कागदांच्या नकला करून ठेवता येतात. या दप्तराची नक्कल निघत नाही. आधी काढून नेलेल्या नमुन्यांचे मोल त्यामुळेच इतके मोठे.