रात्रभर चालणारे युद्ध : मोखाडा-जव्हारचा बोहाडा

पालघर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीला लागून असलेल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत होळीनंतर गावोगाव जो बोहाडा भरतो, तो मुखवटे घालून रात्रभर नाचवल्या जाणाऱ्या सोंगांचा उत्सव असून त्यात देव, दानव, वीर आणि भुताखेतांचे अधिपती एकामागून एक गावाच्या रस्त्यावर उतरतात, आपापल्या तालावर नाचतात, काही जण परस्परांशी लढतात आणि पहाटे जगदंबेच्या हातून महिषासुर पडला म्हणजे हा सगळा संग्राम संपतो. भोवाडा किंवा भवाडा अशा नावांनी हाच प्रकार नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाणा भागात आणि गुजरातेतील डांगात आढळतो, तर नाशिककडील काही गावांत त्याच्या जवळच्या उत्सवाला आखाडी म्हणतात. परलोकातून आलेल्या, माणसाहून आकाराने आणि बळाने मोठ्या अशा दोन पक्षांनी आपले वैर पृथ्वीवर येऊन लढावे, ही कल्पना आजच्या मुलांना यंत्रमानवांच्या कार्टूनमधून परिचित आहे. मोखाड्यात मात्र ती दूरदर्शन संच येण्याच्या कितीतरी आधीपासून टेंभ्यांच्या उजेडात, भागाभागांनी आणि ठरलेल्या क्रमाने साकार होत आलेली आहे.

या प्रदेशाच्या इतिहासाची थोडी ओळख असल्याखेरीज बोहाड्याचे स्वरूप नीट उलगडत नाही. जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान होते; चौदाव्या शतकाच्या आरंभी जयबा मुकणे याने ते उभे केले आणि १३४३ मध्ये त्याचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपणाची मान्यता मिळाली, असे परंपरा सांगते. शिवाजी महाराज १६६४ मध्ये सुरतेकडे निघाले असता जव्हारच्या विक्रमशहाशी त्यांची भेट शिरपामाळ येथे झाली, असेही मानले जाते. पुढे मराठ्यांच्या आणि नंतर इंग्रजांच्या काळात संस्थान आक्रसत गेले, तरी ते १९४८ पर्यंत टिकले आणि मग मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा मात्र संस्थानाबाहेर, थेट इंग्रजी अमलाखाली होता आणि शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे तालुक्याखालील महसुली विभाग, म्हणून त्याची गणना होत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले. राजा वेगळा, कचेरी वेगळी, सारा भरण्याची जागा वेगळी अशी ही दोन शेजारी मुलुखांची स्थिती दीर्घकाळ होती आणि तरीही बोहाडा दोन्हीकडे सारखाच राहिला. एवढ्यावरूनच तो कोणा एका दरबाराने घडवलेला उत्सव नसून कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर या समाजांच्या आणि त्यांच्यासोबत बाजारगावांत वसलेल्या इतर जातींच्या एकत्र राहण्यातून वाढलेला आहे, असे म्हणण्यास बळकट आधार मिळतो.

त्यातील देवदानव कोठून आले, याचे उत्तर वाटांमध्ये आहे. कोकणपट्टीतून जव्हार-मोखाड्यावरून घाट चढला की त्र्यंबकेश्वर आणि पुढे नाशिक लागते. पंचवटीशी जोडलेली रामकथा, गोदावरीकाठच्या पुराणिकांची आख्याने, कीर्तने आणि यात्रेकरूंच्या तोंडच्या गोष्टी याच वाटांनी खाली उतरल्या असणार. राम, लक्ष्मण, मारुती, रावण, त्राटिका, नरसिंह, भीम आणि बकासुर ही सोंगे त्या बाजूची आहेत. पण त्यांच्या शेजारी वेताळ, भैरोबा, खंडेराव अशी दैवतेही तितक्याच मानाने उभी असतात आणि या दोन्ही कुळांना मध्यरात्रीच्या त्या रस्त्यावर एकाच संबळाच्या तालावर पाऊल टाकावे लागते. सिंधुदुर्गातील दशावतारातही गणपती आरंभी येतो आणि वेद पळवणाऱ्या संकासुराचे युद्ध होते, परंतु दशावताराने पुढे संवादांचे, गद्यपद्यांचे आणि फिरत्या मंडळांचे रूप घेतले. बोहाड्याने ते घेतले नाही आणि त्याचे वेगळेपण नेमके तेथेच आहे.

बोहाड्याच्या रात्रीची रचना साधी असली तरी तिचा परिणाम जबरदस्त असतो. गावातील जगदंबेचे देऊळ हे एक टोक आणि वस्तीतून येणारा रस्ता हा रंगमंच, अशी बहुतेक ठिकाणची मांडणी असते; स्वतंत्र व्यासपीठ नसते आणि दोन्ही बाजूंना गर्दी करून उभे राहिलेले लोक हीच त्याची सीमा असते. संबळ हे दोन तोंडांचे, काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य आणि त्याच्या जोडीला सनईच्या जातीची पिपाणी यांच्या आवाजावर पहिले सोंग निघते ते गणपतीचे, त्यामागून मोरावरची शारदा, आणि मग एकेक देव, एकेक राक्षस. बोलणे जवळजवळ नसते. प्रत्येक सोंगाचा ताल, पाऊल, खांद्यांची हालचाल, पुढे झेपावण्याची आणि मागे सरण्याची तऱ्हा ठरलेली असते, त्यामुळे जाणता प्रेक्षक मुखवटा दिसण्याआधी दुरून येणाऱ्या संबळाच्या ठोक्यावरून कोण येत आहे ते ओळखतो. रावणाच्या दहा तोंडांचा पसारा इतका रुंद असतो की तो तोलणाऱ्याच्या मानेची आणि पायांची परीक्षाच होते, तरी त्यालाही नाचावे लागतेच, कारण न नाचणारे सोंग हे सोंग ठरत नाही. पूर्वी हे सारे टेंभ्यांच्या, म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंध्यांच्या मशालींच्या, हलत्या प्रकाशात दिसे. नंतर गॅसबत्त्या आल्या आणि त्यानंतर विजेचे दिवे. प्रकाश स्थिर झाल्यावर मुखवट्यांच्या डोळ्यांत जी सजीवता टेंभ्याच्या ज्वाळेने येत असे ती काही प्रमाणात उणावली, हे मान्य करावे लागेल. उत्सवाच्या रूपात गेल्या शतकात झालेला सर्वांत मोठा बदल कोणता, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागते.

मुखवटा घडवणे हा स्वतंत्र कसबाचा भाग आहे. जुने मुखवटे हलक्या लाकडातून कोरलेले असत आणि ते पिढ्यान् पिढ्या जपले जात. पुढे कागदाचा लगदा मातीच्या साच्यावर थरांनी चढवून, तो वाळवून आणि रंगवून मुखवटे करण्याची पद्धत रुजली, आणि जव्हार तालुक्यातील काही पाड्यांवर ती आजही चालू आहे. लगद्याचा मुखवटा लाकडापेक्षा हलका असल्यामुळे मोठ्या आकाराची सोंगे जास्त वेळ नाचवता येतात, परंतु पावसाळी ओलाव्याने आणि किडीने तो लवकर खराब होतो, म्हणून कारागिराचा हात गावाला वारंवार लागत राहतो. रंगांची भाषा ठाम आहे: राक्षसांचे सुळे, वटारलेले डोळे, भडक लाल किंवा काळा चेहरा; देवांचे शांत, गोल, फिकट चेहरे आणि डोक्यामागे प्रभावळ. याच डोंगरपट्ट्याच्या पश्चिमेस डहाणू तालुक्यातील वारली चित्रांना १९७० च्या दशकापासून देशभर कीर्ती मिळाली आणि गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मुखवट्यांच्या कलेकडे तितके लक्ष गेले नाही, याचे कारण बहुधा असे की चित्र घरातून उचलून दिवाणखान्यात लावता येते, पण मुखवटा नाचल्याशिवाय अर्धाच राहतो. या भागाकडे लक्ष गेले ते वेगळ्याच कारणाने: १९९२-९३ मध्ये येथील वावर-वांगणीतील बालमृत्यूंनंतर जव्हार-मोखाडा ही जोडनावे महाराष्ट्रात केवळ कुपोषणाच्या बातम्यांतून उच्चारली जाऊ लागली. ते दुःख खरे आहे, परंतु ज्या लोकांनी देवदानवांचा एवढा विस्तृत, शिस्तबद्ध रात्रनाट्याचा प्रकार सांभाळला, त्यांची ओळख एवढ्या एकाच शब्दात संपवणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे.

बोहाड्यातील युद्धाचा अर्थ कथेत शोधू गेल्यास फारसा हाती लागत नाही. सलग गोष्ट त्यात सांगितली जातच नाही. रामाचे सोंग येऊन गेल्यावर लगेच भीम येऊ शकतो आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. खरा अर्थ मानात आहे. अनेक गावांत एकेक सोंग एकेका घराण्याकडे वंशपरंपरेने असते. काही ठिकाणी सोंग नाचवण्याच्या मानासाठी बोली लावली जाते आणि त्यातून आलेला पैसा उत्सवाच्या खर्चाला जातो. मान मिळालेला पुरुष (स्त्रीदेवतांची सोंगेही पुरुषच घेतात) मुखवट्याची पूजा करून मगच तो चढवतो. राक्षसाचा मान देवाच्या मानाहून कमी नसतो, ही त्यातील फार महत्त्वाची गोष्ट आहे: ज्या घराकडे महिषासुर आहे ते घर पराभूत होण्यासाठीच दरवर्षी रस्त्यावर उतरते आणि तरी त्यास गावात पूर्ण प्रतिष्ठा असते, कारण महिषासुर नसेल तर जगदंबेला विजय कसा मिळणार, हे सर्वांना कळते. वर्षभर शेतीत, पाण्यावरून, बांधावरून जे ताण असतात त्यांना एका रात्रीपुरता ठरलेला, ज्याचा शेवट आधीच ठाऊक आहे असा आकार देणे आणि त्या आकारात प्रत्येक घराला जागा देणे, हे काम बोहाडा करत आला आहे.

यंत्रमानवांच्या ज्या कार्टूनचा उल्लेख आरंभी ओघाने आला, त्यांपैकी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही अमेरिकी मालिका सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झाली आणि तिची जडणघडण बोहाड्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. सायबरट्रॉन या ग्रहावरचे ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन हे दोन वैरी पक्ष इंधनाच्या शोधात निघतात, त्यांचे यान पृथ्वीवर कोसळते, ४० लाख वर्षे ते एका ज्वालामुखी पर्वतात निपचित पडून राहतात आणि १९८४ मध्ये जागे होऊन मोटारी, विमाने, शस्त्रे यांची रूपे घेत पुन्हा लढू लागतात, असे तिचे कथासूत्र आहे. येथेही रूपे आधी आली आणि गोष्ट नंतर: जपानच्या ताकारा कंपनीची रूप बदलणारी खेळणी हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने घेतली आणि ती विकण्यासाठी त्यांना नावे, स्वभाव आणि वैर दिले गेले. बोहाड्यातही मुखवटा आधी आणि कथा त्याच्या आधाराने, म्हणून दोहोंत प्रत्येक पात्राला आपल्या पाळीने पुढे येऊन आपले रूप दाखवावे लागते. मात्र एक भेद मुळाशी जातो. ताकाराच्या ‘डायक्लोन’ या मूळ खेळण्यांत यंत्र चालवणारी छोटी माणसे आत बसत असत. अमेरिकेत आल्यावर ती माणसे काढून टाकण्यात आली आणि यंत्रच सजीव ठरले. बोहाड्याने आतला माणूस कधीच काढला नाही. नरसिंहाच्या जबड्याआड कोणत्या घरचा मुलगा आहे हे सगळ्या गावाला माहीत असते आणि ते माहीत असतानाही त्याच्यापुढे हात जोडले जातात.

मृत्यूच्या बाबतीतही असाच भेद दिसतो. ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या १९८६ च्या चित्रपटात ऑटोबॉटांचा प्रमुख ऑप्टिमस प्राइम मरतो, तो नव्या खेळण्यांना जागा करून देण्यासाठी. मुलांना ते इतके लागले की पुढच्याच वर्षी मालिकेत त्याला परत आणावे लागले. बोहाड्यातील महिषासुराचे मरण दर वर्षी ठरलेल्या पहाटे येते, त्यासाठी कोणी रडत नाही आणि त्याची जागा दुसरा घेत नाही, कारण उजाडल्यावर तोच मुखवटा पुसून, गुंडाळून पुढच्या फाल्गुनासाठी त्याच घरी परत जातो. बाजारासाठी चालणारे युद्ध संपवता येत नाही आणि संपवले तरी टिकवता येत नाही; पेरणीच्या आधी संपलेच पाहिजे असे युद्ध मात्र पिढ्यान् पिढ्या चालू राहू शकते. जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत दूरदर्शनने रामायण दाखवले, त्यात सलग कथा होती, नामांकित नट होते आणि रावणाला भारदस्त आवाज होता. त्यानंतरही मोखाड्याच्या रस्त्यावर मुका रावण दहा तोंडे तोलत नाचत राहिला, याचा उलगडा या मानाच्या व्यवस्थेवाचून होत नाही.

या व्यवस्थेवर आज जो खरा भार आहे तो मनोरंजनाच्या नव्या साधनांचा नसून पोटाचा आहे. नागली, वरई आणि भात यांवर वर्ष निभत नाही, म्हणून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर भिवंडी, वसई, ठाण्याकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वैतरणेच्या खोऱ्यातून मुंबईला पाणी जाते आणि त्याच खोऱ्यातील मोखाड्याची गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे या स्थलांतराच्या मुळाशी असलेले कटू वास्तव आहे. बोहाड्याचा हंगाम नेमका याच महिन्यांत पडतो. ज्याच्या घरी सोंगाचा मान आहे तो होळीला भट्टीवरून उचल फेडून किंवा सुट्टी मागून गावी येतो, रात्रभर नाचतो आणि बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत परत कामावर जातो. हा मान नसता तर कित्येक घरांचा गावाशी संबंध पावसाळ्यापुरताच उरला असता. म्हणूनच बोहाडा टिकवायचा असेल तर त्याला महोत्सवाच्या मंचावर चार मिनिटांसाठी उभे करण्यापेक्षा मुखवटे घडवणाऱ्या पाड्यांवरील कारागिरांना वर्षभराचे काम मिळणे, संबळ आणि पिपाणी वाजवणाऱ्यांच्या मुलांनी ती शिकणे, प्रत्येक गावातील सोंगांचा क्रम आणि त्यांचे ताल जाणत्या लोकांकडून नोंदवून घेणे आणि सर्वांत आधी रोजगार हमीची कामे फाल्गुन-चैत्रात गावातच निघणे, या गोष्टी अधिक निकडीच्या आहेत.