बँगोरचा पूल, नरडाण्याचं स्टेशन

छोट्या गावातली भयकथा, तिच्यात न उलगडणारं एखादं मरण आणि त्याचा माग काढणारा, मुलावरच प्रेम करणारा मुलगा किंवा मुलीवर प्रेम करणारी मुलगी. किशोरांसाठीचा हा प्रकार इंग्रजीत सध्या जोरात आहे; रोरी पॉवरची 'बर्न अवर बॉडीज डाउन' (२०२०) त्यातलीच. त्याचं मूळ शेरिडन ले फानूच्या 'कार्मिला'त (१८७२) दाखवतात. एकाकी वाडा, १९ वर्षांची लॉरा, तिच्यावर जीव टाकणारी पाहुणी, आसपास पटापट मरणाऱ्या मुली. सगळं जुळतं, तरी मला हे कुळ मान्य नाही. तिथे प्रेम करणारीच रक्तपिपासू निघते आणि ती संपली की मुलूख सुटतो. आजच्या कथांत भीती वाटते ती गावाची.

हा पालट, माझ्या मते, ७ जुलै १९८४चा. अमेरिकेतल्या बँगोर गावी तीन अल्पवयीन पोरांनी चार्ली हॉवर्ड या २३ वर्षांच्या समलिंगी तरुणाला पुलावरून ओढ्यात फेकलं. त्याला पोहता येत नव्हतं. स्टीफन किंग राहायचा त्याच गावात. १९८६च्या 'इट' या कादंबरीत त्याने हा खून जवळजवळ तसाच घेतला. पुलाखाली राक्षस आहेच, पण मुलाला त्याच्या तोंडी देतात ती गावचीच पोरं.

किंग मराठीत आला तो नारायण धारपांच्या हातून. 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई', 'ग्रॅमा'वरून 'आजी'. ती 'आजी' राही अनिल बर्वेंनी मित्राच्या तोंडून ऐकली आणि तिच्यातून त्यांचा 'तुंबाड' चित्रपट उभा राहिला. गाव आलं, घर आलं, म्हातारी आली. पुलावरचा मुलगा तेवढा आला नाही. वाचकांना तो पचला नसता, हे कारण मला अपुरं वाटतं. धारपांच्या जगात अमंगळ बाहेरून येतं आणि त्यांच्या कथांतले नायक, समर्थ, त्याचा बंदोबस्त करतात. गावच दोषी असेल तर समर्थांनी कोणाचा बंदोबस्त करायचा?

तो मुलगा आला दुसऱ्या वाटेने, सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीतून. भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात, आणि पाहुणा नाहीसा. भूत नाही, पण रहस्य अस्सल. पुढे ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंध कलम ३७७च्या कचाट्यातून सुटले आणि १२ ऑक्टोबरला 'तुंबाड' झळकला. दोन्ही धागे इतके जवळ आले, तरी गाठ बसायची राहिलीच.

ती बसावी खानदेशातल्या नरडाण्यात. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो, सुरत-भुसावळ रेल्वेही. खानदेशातली कितीतरी माणसं कामासाठी सुरतेला. त्यामुळे पोरगं दिसेनासं झालं की 'सुरतले गया' एवढं उत्तर गावाला पुरतं. पोरगं सुरतेला पोचलंच नाही, हे आधी कळणार ते ज्याला त्याचा रोज रात्री फोन यायचा त्या दुसऱ्या पोराला. त्याने चौकीत जाऊन ते सांगायचं, तर पहिला प्रश्न येणार: तू त्याचा कोण?